मंगला तेलक्षेत्र

राजस्थानातील बाडमेर द्रोणीतले (गाळ साचून भरलेल्या खोलगट भूभागातले) वालुकाश्मी तेलक्षेत्र. 2004 च्या जानेवारीत केर्न कंपनीला ते सापडले आणि ऑगस्ट 2009 मध्ये उत्पादन सुरू झाले. मुंबई हायचे तेल मुख्यतः चुनखडकात आहे; मंगलाचे तेल मात्र नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूत साठले आहे.

हा वालुकाश्म फतेहगढ शैलसमूहातला (खडकांच्या थरांच्या गटातला), क्रिटेशसच्या अखेरीपासून पॅलिओसीनपर्यंतच्या भूवैज्ञानिक काळातला. कललेल्या विभंग-खंडाच्या (भेगांनी तुटून सरकलेल्या खडकाच्या तुकड्याच्या) माथ्याशी तेल अडकले. ते तयार झाले बाडमेर हिल शैलसमूहातल्या, सरोवराच्या तळाशी साचलेल्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या खडकात. सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या पोकळ्यांचे प्रमाण, 21 ते 28 टक्के. पार्यता, म्हणजे खडकातून द्रव वाहू देण्याची क्षमता, 200 मिलिडार्सीपासून 20 डार्सीपर्यंत (एक डार्सी म्हणजे 1000 मिलिडार्सी), सरासरी सुमारे 5 डार्सी. इतका मोकळा खडक क्वचितच मिळतो. पण सगळे थर सारखे नाहीत. खालच्या थरांत वाळूचे जाड, सलग पट्टे आहेत, तर वरच्या थरांत नागमोडी नद्यांच्या पात्रांतली वाळू गाळमातीने तुटक झालेली आहे. विहिरींची जागा ठरवताना हा फरक विसरला, तर तेल ढकलण्यासाठी सोडलेले पाणी एका पात्रात शिरते आणि शेजारच्या पात्रातले तेल जागच्या जागी राहते.

खरी अडचण तेलाची. ते मेणयुक्त असून 40 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. साठ्याचे तापमान सुमारे 65 अंश, आणि त्याच्या थोडे खाली येताच मेणाचे स्फटिक दिसू लागतात. म्हणून साठ्याचा दाब टिकवण्यासाठी खडकात सोडायचे पाणीही तापवावे लागते. गार पाणी सोडले तर इंजेक्शन विहिरीभोवतीच (पाणी सोडण्याच्या विहिरीभोवतीच) मेण धरते. हे पाणी थुंबली भागातल्या खाऱ्या भूजलाचे. गुजरातेतील भोगातपर्यंतची सुमारे 670 किमीची नळवाहिनीही उष्णतारोधक असून वाटेत सतत तापवली जाते.

साठ्यातल्या तेलाची श्यानता (दाटपणा) साधारण 9 ते 17 सेंटिपॉइज, तर त्याच तापमानाच्या पाण्याची अर्ध्या सेंटिपॉइजहूनही कमी. साहजिकच पाणी तेलाला सरसकट ढकलत नाही. जास्त पार्यतेच्या थरांतून बोटांसारखे पुढे घुसून उत्पादक विहीर गाठते. उपाय म्हणजे पाणी घट्ट करणे. 2011 च्या सुमारास चाचणी झाली आणि 2014 पासून पॉलिमर (पाणी दाट करणारे लांब साखळ्यांचे रेणू) मोठ्या प्रमाणावर सोडले जाऊ लागले.

या पॉलिमरची, म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडची, भुकटी पाण्यात एकदम ओतत नाहीत. कण आधी सुटे भिजवतात, मग टाकीत संथ ढवळत फुगू देतात. घाई केली तर गुठळ्या होतात आणि त्या विहिरीच्या तोंडाशी खडकाची छिद्रे बुजवतात. पाण्यात ऑक्सिजन व लोह एकत्र आले, तर रेणूंच्या साखळ्या तुटतात. अरुंद चोकमधून (प्रवाह आवरणाऱ्या झडपेतून) जोराने ढकलले तरी तेच होते आणि श्यानता पडते. त्यामुळे प्रत्येक विहिरीचा प्रवाह नेहमीच्या चोकऐवजी कमी कातर (रेणू ताणून तोडणारे बल) देणाऱ्या साधनांनी आवरणे बरे. पुढे हे पॉलिमर तेलाबरोबर वर येऊ लागते. तेव्हा तेल-पाणी सहजी वेगळे होत नाही आणि हीटरच्या नळ्यांवर पुटे चढतात.