भिंतीबाहेर आलेली उष्णता आणि घराच्या आतले खासगीपण

मोबाइलला थर्मल कॅमेरा जोडला की भिंतीपलीकडची माणसे दिसू लागतात, असा दावा करणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतात. हा दावा खोटा आहे. मात्र अशा कॅमेऱ्याने घराबाहेर आलेली उष्णता मोजणे ही घराची झडती ठरते का, या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एकदा मोठा वाद झाला होता आणि २००१ सालच्या ‘कायलो विरुद्ध अमेरिका’ या निकालात न्यायमूर्तींची ५ विरुद्ध ४ अशी विभागणी झाली होती.

ऑरेगन राज्यातील फ्लॉरेन्स येथे कायलो याच्या घरात गांजाची लागवड होत असल्याचा तपास अधिकाऱ्यांना संशय होता. बंदिस्त जागेत ही रोपे वाढवायला प्रखर दिवे लागतात. १६ जानेवारी १९९२ रोजी पहाटे ३ वाजून २० मिनिटांनी अधिकाऱ्यांनी रस्त्यावरच्या मोटारीत बसूनच त्या घरावर थर्मल कॅमेरा रोखला. गॅरेजवरचे छप्पर आणि एका बाजूची भिंत उरलेल्या घरापेक्षा उष्ण, आणि शेजारच्या घरांपेक्षा तर बरीच उष्ण दिसली. ही नोंद, खबऱ्यांची माहिती आणि विजेची बिले यांच्या आधारे झडतीचे वॉरंट मिळाले व आत शंभराहून अधिक रोपे सापडली.

कॅमेऱ्याने नेमके काय टिपले होते? निरपेक्ष शून्यापेक्षा (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस) अधिक तापमान असलेली प्रत्येक वस्तू विद्युतचुंबकीय प्रारण बाहेर टाकत असते. आपल्या नित्याच्या तापमानाला या प्रारणाची तीव्रता सुमारे १० मायक्रोमीटर तरंगलांबीपाशी सर्वाधिक असते, म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड) पट्ट्यात, जिथे डोळा आंधळा असतो. स्टेफान-बोल्ट्झमन नियमानुसार एकूण प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ५ अंश सेल्सिअस, म्हणजे २७८ केल्विन, तापमानाची भिंत केवळ १ अंशाने तापली तरी तिचे प्रारण जवळपास दीड टक्क्याने वाढते, आणि एवढा फरक चांगल्या संवेदकाला सहज कळतो. मात्र वीट, लाकूड, इतकेच काय खिडकीची साधी काचसुद्धा या तरंगलांबीला अपारदर्शक असते. कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते ते फक्त सर्वांत बाहेरच्या पातळ थराचे प्रारण. दिव्यांना पुरवलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते, ती उष्णता वहनाने भिंतीतून हळूहळू झिरपते आणि बाहेरचा पृष्ठभाग किंचित तापवते. पहाटेची वेळ अशा पाहणीला सोयीची, कारण दिवसभर उन्हाने तापलेल्या भिंती तोवर निवलेल्या असतात. काच आणि गुळगुळीत फरशी हे प्रारण परावर्तित करतात, त्यामुळे थर्मल कॅमेऱ्यात ‘भूत’ पकडणाऱ्यांना काचेत दिसणारी धूसर आकृती पुष्कळदा त्यांची स्वतःचीच असते.

१७९१ पासून अमलात असलेली अमेरिकेची चौथी घटनादुरुस्ती नागरिकांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देते. टेलिफोन बूथला बाहेरून चोरून ऐकण्याचे उपकरण लावून बोलणे टिपणे हीसुद्धा झडतीच, असे न्यायालयाने १९६७ साली ‘कॅट्झ’ खटल्यात ठरवले होते. म्हणजे आत पाऊल टाकले नाही, एवढी सबब पुरेशी नव्हती. ‘कायलो’ खटल्यात अल्पमतातील न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे म्हणणे असे की यंत्राने भिंतीच्या आरपार काही पाहिले नाही, भिंतीवरून निघालेली उष्णता तेवढी मोजली. छपराच्या एका भागावरचे बर्फ लवकर वितळताना शेजाऱ्यालाही दिसू शकते. ही उष्णता मोजणे हीसुद्धा झडतीच, असा बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी उत्तर दिले की दुरून बोलणे ऐकणारा शक्तिशाली मायक्रोफोनही घराबाहेर आलेल्या ध्वनिलहरीच टिपतो. घरातली बाई रोज रात्री किती वाजता स्नान करते, हेही अशा यंत्रातून उघड होऊ शकेल, असे त्यांनी नमूद केले. कॅमेऱ्याचा पुरावा वगळून वॉरंटला पुरेसा आधार उरतो का, हे तपासण्यासाठी प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेले.

विज्ञानाच्या दृष्टीने मला स्कॅलिया यांचा युक्तिवाद अधिक भक्कम वाटतो. सूर्याच्या गाभ्यात काय चालले आहे, याचा बराचसा अंदाज शास्त्रज्ञ त्याच्या पृष्ठभागावरून आलेल्या प्रकाशावरूनच बांधतात, आणि बाहेरच्या मोजमापातून आतल्या गोष्टींचे अनुमान काढणे हेच तर मोजमापाचे प्रयोजन असते. ते अनुमान चुकू शकते, हे खरे, कारण तापलेल्या भिंतीमागे दिव्यांऐवजी साधा हीटरही असू शकतो. पण अनुमान चुकीचे ठरले म्हणून डोकावणे घडलेच नाही, असे म्हणता येत नाही.

निकालाचा कच्चा दुवा वेगळाच आहे. ‘सर्वसामान्य लोकांच्या वापरात नसलेले उपकरण’ वापरून, एरवी घरात शिरल्याशिवाय कळला नसता असा तपशील मिळवणे म्हणजे झडती, अशी कसोटी बहुमताने घातली. उपकरणे सहज मिळू लागतील तसा खासगीपणाला असलेला धोका वाढेल आणि संरक्षण मात्र घटेल, ही विसंगती स्टीव्हन्स यांनी तेव्हाच दाखवून दिली होती. तेच थर्मल कॅमेरे आज मोबाइलला जोडता येतील एवढ्या लहान आकारात दुकानांत विकले जातात.