पार्श्वभूमी : कुस्ती सुटलेल्या पैलवानाचं वजन

चाळिशी-पन्नाशीतला एखादा माजी पैलवान मनावर घेऊन वजन उतरवायला लागला की कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात त्याचं कौतुक होईलच असं नाही. ‘लईच उतरलास की रं, आजारी-बिजारी हाईस काय?’ ही विचारपूस आधी येते. या भागात पैलवानाचं भरलेलं अंग ही गावाच्या अभिमानाची गोष्ट असते, त्यामुळे ते कमी करणं म्हणजे काहीतरी गमावणं असंच लोकांना वाटतं. ही समजूत कुठून आली हे पाहायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कोल्हापूरचा कारभार हाती घेतला आणि कुस्तीला भक्कम राजाश्रय मिळाला. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं. त्याच धर्तीवर बांधलेलं खासबाग मैदान १९१२ मध्ये खुलं झालं. पंजाबातले नामांकित मल्ल इथे लढायला येऊ लागले. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींची नावं पुढे महाराष्ट्रभर झाली. राजाश्रयाचा एक मोठा भाग होता खुराक. मल्लाला काय खायला मिळतं यावर त्याच्या आश्रयदात्याची ऐपत कळायची, आणि ही नजर संस्थानं गेल्यावरही तशीच राहिली.

खुराक म्हणजे रात्री भिजवलेले बदाम, कुंडीत सोट्याने घोटून केलेली थंडाई, त्यात खसखस, वेलदोडे, मिरी. म्हशीचं धारोष्ण दूध, तूप, मटण आणि त्याचं अळणी (बिनमसाल्याचा रस्सा), अंडी, भाकरी. आज हे ऐकून कुणी आहारतज्ज्ञ कपाळाला हात लावेल, पण हिशेब पूर्ण करायला हवा. पावशेर तुपात दोन हजारांहून जास्त कॅलरी असतात, लिटरभर म्हशीच्या दुधात हजाराच्या आसपास. दुसऱ्या बाजूला पहाटे तीन-चारला उठून शेकड्यांनी जोर-बैठका, सपाट्या, फावड्याने हौदा (आखाड्याची माती) उकरणं, मग लढती, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीत तास-दीड तास झुंजणाऱ्या गड्याला तेवढं इंधन लागायचंच. मला तरी त्या खुराकाला ‘चुकीचा आहार’ म्हणणं पटत नाही. तो त्या मेहनतीच्या मापाने शिवलेला होता.

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि खुराकाचा भार घरावर आला. पोरगं तालमीत असेल तर घरचं दूध, घरचं लोणी आधी त्याला. बाकीच्यांनी पातळ ताकावर भागवायचं. काही कुटुंबांनी यापायी जनावरं आणि जमिनीचे तुकडे विकले. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन द्यायला सुरुवात केली, तेव्हा थोडा हातभार लागला. पण घराने पोटाला चिमटा काढून कमावलेलं ते अंग होतं. पुढे ते ‘जास्त झालं’ असं डॉक्टरांनी सांगितलं, तर आईच्या गळी ते कसं उतरणार?

दुसरं कारण कुस्तीच्या रचनेतच आहे. गावोगावच्या मैदानांत वजनी गट नव्हते. पंच आणि वस्ताद अंगापिंडाने जोड पाहून कुस्ती ठरवत. मोठं इनाम मोठ्या जोडीला. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली, आणि किताबाचं वलय खुल्या गटाभोवती जमलं. त्याआधी १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी ऑलिम्पिक कांस्यपदक आणलं ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात. पण हलक्या गटातल्या त्या पराक्रमाची गोडी गावच्या मैदानाला फारशी लागली नाही. केसरी गटासाठी आजही ८६ किलोपासून पुढचं वजन लागतं. ज्याची मूळची चण सत्तर किलोची, अशा पोरालाही वस्ताद ‘वजन वाढव’ म्हणतात ते म्हणूनच. गदा एकालाच मिळते, वजन मात्र सगळ्यांनी वाढवलेलं असतं.

मग तिशी येते. गुडघा जातो, खांदा निखळतो, किंवा लग्न होऊन शेतीकडे बघावं लागतं. कुणी पोलिसांत, कुणी कारखान्यावर, कुणी राजकारणात जातो. मेहनत एका महिन्यात थांबते, भूक थांबायला तयार नसते. खरं नुकसान इथून पुढे होतं, आणि ते बदाम-तुपाने कमी, जेवणावळींनी जास्त होतं. यात्रा, बारसं, निवडणूक, कुठेही माजी पैलवान पंगतीला बसला की वाढपी त्याच्यापाशी थांबतोच. ‘पैलवान, एवढंच?’ या दोन शब्दांनी किती जणांच्या कंबरा वाढवल्या असतील! त्यात रात्रीच्या पार्ट्या आणि कोल्ड्रिंक आलं. वीस वर्षांत स्नायू आटतात, पोट सुटतं, काटा मात्र तोच आकडा दाखवतो किंवा थोडा वर सरकतो. त्यामुळे ‘माझं वजन पहिल्यापासून एवढंच’ असं समाधान करून घेता येतं.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. १९२० ते १९६५ या काळात फिनलंडकडून खेळलेल्या १,८३८ पुरुष खेळाडूंच्या पाहणीत कुस्तीगीर, मुष्टियोद्धे आणि वेटलिफ्टर यांचं वजन मध्यम वयात इतर खेळाडूंपेक्षा आणि सामान्य माणसांपेक्षाही जास्त वाढलेलं आढळलं. स्पर्धेआधी घाईने वजन तोडायचं आणि नंतर भरून काढायचं, या चक्राकडे संशोधकांनी बोट दाखवलं. मातीवरच्या मैदानी मल्लाला वजन तोडायची वेळ क्वचित यायची. वजनी गटांच्या मॅटवरच्या कुस्तीत गेलेल्या पिढीच्या मागे मात्र खुराक आणि तोडणं ही दोन्ही लागली आहेत.

आता उतरवायचं कसं? उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, पैलवानाच्या बाबतीत फसवं ठरतं, कारण त्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. त्यापेक्षा मोजपट्टी बरी : भारतीय पुरुषासाठी कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा असं डॉक्टर सांगतात. तूप आणि गोड पेयं आधी आवरायची. अंडी, डाळी, मासे ठेवायचे, नाहीतर चरबीआधी उरलेसुरले स्नायूच झडतात. जुन्या ईर्ष्येने एकदम पाचशे बैठका मारू नयेत, झिजलेले गुडघे आठवडाभरही साथ देणार नाहीत. चालणं, पोहणं, हलके जोर यांनी सुरुवात चांगली होते. महिन्याला दोन किलो या गतीने तीस किलो उतरवायला सव्वा वर्ष लागतं, आणि मल्लाला हा हिशेब फार संथ वाटतो; उपास करून दोन महिन्यांत संपवायचा मोह तिथेच होतो. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर वजन उतरेल तसा डोस बदलावा लागतो, म्हणून सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घालायचं.