पक्षादेश (स्थानिक स्वराज्य संस्था)

महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद किंवा पंचायत समितीत एखाद्या ठरावावर कसं मतदान करायचं याचा पक्षाने आपल्या सदस्यांना दिलेला हुकूम. बोलताना सगळे व्हिपच म्हणतात. महापौर निवडीच्या आधी गटनेता तो बजावतो, मतदान हात वर करून असतं, त्यामुळे कोण फुटलं ते तिथल्या तिथे कळतं.

पालिकेत पक्षीय शिस्त नेमकी कधी घुसली यावर एकमत नाही. काहीजण 1907 च्या मुंबई महापालिका निवडणुकीकडे बोट दाखवतात. पालिकेतले बडे पुढारी फिरोजशहा मेहता यांना बाहेर काढायला काही युरोपियन अधिकाऱ्यांनी जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी) मंडळींनी निवडायच्या 16 जागांसाठी 16 जणांची यादी बनवली, हाच तो गाजलेला ‘कॉकस’ (आधी ठरवून एकगठ्ठा मतं देणारा गट), आणि मेहता बरोब्बर सतराव्या नंबरवर गेले (पुढे सोळावा अपात्र ठरला आणि मेहता आत आले, तो भाग वेगळा). पण ही जुळवाजुळव एका माणसाला पाडण्यापुरती होती, निवडून आलेल्यांना सभागृहात बांधून ठेवणारी शिस्त तिला म्हणता येत नाही. त्यामुळे 1922 च्या सुमारास मताधिकार वाढल्यावर विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने पालिकेत जो राष्ट्रीय गट उभा राहिला तिथून सुरुवात मानणं जास्त पटतं.

कायद्याचं बळ मात्र फार उशिरा आलं. 1985 च्या दहाव्या अनुसूचीत (राज्यघटनेतली पक्षांतरबंदी) फक्त खासदार-आमदार येतात, नगरसेवक नाहीत, म्हणून राज्याने महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986 केला. परवानगी न घेता व्हिपविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलं आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. निर्णय विधिमंडळातल्यासारखा अध्यक्षांकडे नसतो, महापालिकेसाठी विभागीय आयुक्त आणि बाकीच्यांसाठी जिल्हाधिकारी तो देतात. या कायद्यात ‘आघाडी’लाही पक्षासारखंच धरलंय. निकालानंतर महिन्याभरात सदस्य नवी आघाडी करून नोंदवू शकतात आणि मग तिचाही व्हिप लागू होतो. म्हणजे मतदाराने ज्या नावाला मत दिलं त्याला अशा आघाडीचं ऐकावं लागतं जी मतदानाच्या दिवशी अस्तित्वातच नव्हती! अपक्षांच्या बाबतीत हे जास्तच खटकतं.

मुळात पक्षाची पकड तिकिटापासूनच सुरू होते, एबी फॉर्म (हा आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारा कागद) पक्ष देतो आणि तो शेवटच्या दिवशी कुणाच्या हातात पडेल याचा नेम नसतो. मुंबईबाहेरच्या महापालिकांत 2017 ला बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा प्रभाग होता, तिथे चार-चार नावं लक्षात ठेवण्यापेक्षा लोक चिन्ह बघून बटणं दाबत जातात आणि वॉर्डातला ओळखीचा माणूस मागे पडतो.

पक्ष स्थानिक निवडणुकीत असावेत का हा जुना वाद आहे. जयप्रकाश नारायण पक्षविरहित पंचायतींच्या बाजूचे होते, उलट पंचायत राजवरच्या अशोक मेहता समितीने (1978) पक्षांनी उघड भाग घ्यावा असं सुचवलं. महाराष्ट्राने मधला रस्ता धरला, जिल्हा परिषद-पंचायत समितीला पक्षाचं चिन्ह, ग्रामपंचायतीला नाही. गावात अर्थात पॅनल कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक असतंच. थेट लोकांनी सरपंच निवडायची पद्धत 2017 ला आली, 2020 ला गेली, 2022 ला परत आली. अशा सरपंचावरचा अविश्वास ठराव सदस्यांनी मंजूर केला तरी ग्रामसभेत गुप्त मतदानाने तो पास व्हावा लागतो, नगरसेवकाच्या मतदाराकडे असं काहीच नाही.