समेट कोणाचा? ब्रह्मदेशातील शांततेच्या चर्चेची पार्श्वभूमी

डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे (आजच्या म्यानमारचे) तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रत्नागिरीला आले आणि इंग्रजांनी येथे स्थानबद्ध ठेवलेल्या तेथील शेवटच्या राजाच्या, थिबाच्या, समाधीचे दर्शन घेऊन गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लढवलेल्या ४४ पैकी ४३ जागा जिंकून तेथील लोकशाही चळवळीच्या नेत्या आंग सान स्यू की आणि त्यांचा पक्ष प्रथमच संसदेत गेला होता. १९८९ ते २०१० या एकवीस वर्षांपैकी सुमारे पंधरा वर्षे स्यू कींनी स्थानबद्धतेत काढली होती. शांतता, सुधारणा आणि राष्ट्रीय समेट या तीन गोष्टींविषयी त्या सातत्याने बोलत आल्या. त्यांपैकी समेट या शब्दानेच पुढे सर्वांत मोठा पेच उभा केला.

भाट्ये खाडीकडे तोंड करून उभा असलेला राजवाडा आणि मंडालेच्या तुरुंगातील रत्नागिरीचा सुपुत्र, या दोन्ही कथा येथे घरोघरी ठाऊक आहेत. प्रस्तुत विषयासाठी महत्त्वाचे आहे ते राजाला पदच्युत करून देशाबाहेर नेल्यानंतर त्याच्या मुलखाचे काय झाले, हे. १ जानेवारी १८८६ रोजी तो मुलूख इंग्रजी साम्राज्यात सामील करण्यात आला आणि पुढे इरावतीच्या खोऱ्यातील सपाट प्रदेश एका पद्धतीने, तर शान, काचिन, चिन यांचे डोंगराळ प्रदेश दुसऱ्या पद्धतीने चालवले गेले. खोऱ्यात थेट अंमल होता, तर डोंगरात बऱ्याच ठिकाणी स्थानिक सरदारांच्या हातून कारभार चालत असे. एका राजसत्तेशी कमी-अधिक बांधलेले हे प्रदेश साठ वर्षे वेगवेगळ्या वाटांनी वाढले. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग येथे खोऱ्यातील नेतृत्वाने शान, काचिन आणि चिन प्रतिनिधींशी करार केला तो ही फट सांधण्यासाठी. करेन हा आणखी एक बिगर-बर्मी समाज मात्र करारात नव्हता, आणि करार घडवून आणणारे नेते आंग सान यांची पाचच महिन्यांनी, १९ जुलै रोजी हत्या झाली. त्यांचीच मुलगी स्यू की पुढे लोकशाही चळवळीची नेता झाली, आणि ज्या लष्कराशी तिचा झगडा होता ते लष्करही आंग सान यांनीच उभारलेले होते.

या नात्याकडे दुर्लक्ष केल्यास स्यू कींच्या विचारांचा अर्थ लागत नाही. २६ ऑगस्ट १९८८ रोजी यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडासमोर केलेल्या पहिल्या मोठ्या भाषणात त्यांनी चालू चळवळीला स्वातंत्र्याचा दुसरा लढा म्हटले आणि त्याच भाषणात लष्कराविषयीची आपली आपुलकीही बोलून दाखवली. मे १९९० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने ३९२ जागा जिंकल्या. लष्कराने सत्ता दिली नाही, आधी राज्यघटना झाली पाहिजे असे सांगितले, आणि वादाचे केंद्र हळूहळू शब्दांकडे सरकले.

लष्करी राजवटीने आपल्या जाहीर उद्दिष्टांत जो शब्द घातला त्याचा अर्थ होता राष्ट्राची पुन्हा एकजूट. स्यू कींचा शब्द होता राष्ट्रीय समेट. वरवर पाहता हा भेद किरकोळ वाटतो, पण दोन्ही शब्दांत दोन वेगळी राज्ये दडलेली आहेत. एकजूट करणारा एकटा असू शकतो. विखुरलेले तुकडे गोळा करून बांधणे हे त्याचे काम, आणि तुकड्यांनी त्याला संमती द्यावी लागत नाही. समेटासाठी मात्र भांडण झाले होते हे कबूल करावे लागते आणि समोरच्याला आपल्या बरोबरीने बैठकीत जागा द्यावी लागते. ती जागा द्यायला लष्कर तयार नव्हते.

दुसरा गुंता समेटाच्या बाजूनेच होता, आणि त्याची चर्चा फार कमी होते. समेट नेमका कोणाकोणात व्हायचा? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९४ साली त्रिपक्षीय संवादाचा आग्रह धरला : लष्कर, लोकशाहीवादी आणि बिगर-बर्मी समाजांचे प्रतिनिधी. प्रत्यक्षात २००० च्या अखेरीस ज्या गुप्त वाटाघाटी सुरू झाल्या त्या लष्कर आणि स्यू की या दोघांतच होत्या. आधी दोघांत विश्वास निर्माण होऊ द्यावा, मग तिसऱ्याला बोलवावे, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. परंतु कोकणात ज्याने सामाईक सातबाऱ्याचा वाद पाहिला आहे त्याला यातील धोका चटकन कळेल. दोन मोठ्या हिस्सेदारांनी आधी आपसांत ठरवायचे आणि बाकीच्या भाऊबंदांना मागाहून सही करायला बोलवायचे, असा समेट कागदावर होतो; बांधावरचे भांडण तसेच राहते. माझ्या मते स्यू कींची सर्वांत मोठी चूक हीच होती, आणि ती लबाडीतून नव्हे, तर वडिलांचे लष्कर आणि वडिलांची जनता एकत्र आणण्याच्या ओढीतून झाली.

३० मे २००३ रोजी देपायिन येथे त्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला, त्या पुन्हा स्थानबद्ध झाल्या आणि ही द्विपक्षीय वाटचालही थांबली. २००८ च्या राज्यघटनेने संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला दिल्या आणि घटनादुरुस्तीसाठी ७५ टक्क्यांहून अधिक मते आवश्यक ठरवली, म्हणजे लष्कराच्या संमतीवाचून सुधारणा अशक्य झाली. २०१२ मध्ये संसदेत प्रवेश करताना त्यांच्या पक्षाने शपथेतील घटनेचे 'रक्षण' करण्याच्या शब्दाला हरकत घेतली, पण मे महिन्यात तीच शपथ घेतली.

ऑक्टोबर २०१५ च्या शस्त्रसंधीवर आठच सशस्त्र गटांनी सह्या केल्या. पुढच्या महिन्यात निवडणूक जिंकून सत्तेवर आल्यावर स्यू कींनी शांततेला अग्रक्रम दिला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये वडिलांच्या कराराचे नाव घेऊनच एकविसाव्या शतकातील पांगलाँग परिषद भरवली. मे २०१७ मध्ये ३७ तत्त्वांवर एकमत झाले, परंतु संघराज्यातून फुटून निघण्याचा हक्क आणि सैन्याची रचना हे खरे कळीचे प्रश्न बाजूलाच राहिले.

त्यानंतर तीन महिन्यांनी पश्चिमेकडील राखाइन प्रांत पेटला आणि तेथील मुस्लीम समाजातले सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात गेले. सातबाऱ्यावर ज्यांचे नावच नाही त्यांचा समेटात हिस्सा कोणता, हा प्रश्न येथे उघडा पडला. १९८२ चा नागरिकत्व कायदा देशाचे मूळ समाज ठरवताना १८२३ ही सीमारेषा मानतो, म्हणजे इंग्रजांशी झालेल्या पहिल्या युद्धाच्या आदले वर्ष. राखाइन मात्र थिबा राजाच्या पूर्वजांनीच १७८४-८५ मध्ये जिंकून बर्मी राज्याला जोडलेले होते, तेव्हा त्या मुलखात परका कोण आणि मूळचा कोण हे एका सनाने ठरवणे कठीण आहे. सत्तेवर असताना स्यू कींनी रोहिंग्या हा शब्द टाळण्याचा आग्रह धरला आणि डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, रोहिंग्यांच्या वंशसंहाराच्या आरोपावर, स्वतः उभे राहून देशाची, पर्यायाने लष्कराची बाजू मांडली. लष्कराशी समेट टिकवण्यासाठी दिलेली ती किंमत होती असे त्यांचे समर्थक म्हणतात. ती किंमत ज्यांनी मोजली त्यांना विचारलेले नव्हते.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि त्या पुन्हा कैदेत गेल्या. ३१ मार्च रोजी निवडून आलेल्या प्रतिनिधींनी २००८ ची घटना रद्द झाल्याचे जाहीर करून संघराज्याची सनद काढली, आणि ३ जून रोजी त्यांच्याच समांतर सरकारने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात १९८२ चा कायदा बदलण्याचे वचन दिले. त्या निवेदनात रोहिंग्या हा शब्द उघडपणे वापरला होता.