स्पोर्ट्स कारची हॉर्सपॉवर: ऑटोमॅटिक आणि मॅन्युअलमधला फरक

एकाच मॉडेलच्या स्पोर्ट्स कारचे मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक असे दोन व्हेरिएंट असले की दोघांच्या पॉवरमध्ये कधीकधी जो फरक दिसतो, त्याबद्दलची ही नोंद. नागपुरात हा वाद धरमपेठेतल्या चहाच्या टपरीपासून वर्धा रोडच्या शोरूमपर्यंत कुठंही ऐकायला मिळतो, आणि बहुतेक वेळा त्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. एक म्हणजे कंपनीनं सांगितलेला इंजिनचा आकडा, दुसरी म्हणजे चाकापर्यंत खरंच पोचणारी ताकद. "ऑटोमॅटिक पॉवर खाते भाऊ" हे वाक्य दुसऱ्या गोष्टीबद्दल एकेकाळी पुरतं खरं होतं, पहिल्या गोष्टीचा त्याच्याशी थेट संबंधच नाही.

ब्रोशरमधला बीएचपी, एचपी किंवा पीएसचा (तिन्ही पॉवरचीच जवळपास सारखी मापं) आकडा हा इंजिन टेस्ट बेंचवर लावून क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर मोजलेला असतो, तिथं गाडीचा गिअरबॉक्स हिशोबातच नसतो. म्हणजे दोन व्हेरिएंटचे आकडे वेगळे असतील तर कंपनीनं इंजिनमध्येच किंवा त्याच्या ट्यूनिंगमध्ये काहीतरी बदललंय एवढं नक्की. याचं सगळ्यात ठळक उदाहरण माझदा आरएक्स-८ चं. अमेरिकेत 2004 मध्ये ही गाडी आली तेव्हा सहा गिअरच्या मॅन्युअलला 238 एचपी आणि चार गिअरच्या ऑटोमॅटिकला फक्त 197, चाळीसेक एचपीची तफावत! कारण दोघांत रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं) इंजिनच वेगळं होतं, मॅन्युअलवाल्याला हवा आत घ्यायला सहा पोर्ट आणि ते 9000 आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) फिरायचं, ऑटोमॅटिकवाल्याला चार पोर्ट आणि 7500 वर थांबायचं. रोटरीची सगळी मजा वरच्या आरपीएममध्ये असते, तिथंच कात्री लावल्यावर उरलं काय. 2006 ला सहा गिअरचा ऑटोमॅटिक आला तेव्हा फरक वीसेक एचपीवर आला.

बाकीच्या गाड्यांत एवढं टोकाचं नव्हतं. निसानच्या नव्वदच्या दशकातल्या 300झेडएक्स ट्विन टर्बोला मॅन्युअलमध्ये 300 आणि ऑटोमॅटिकमध्ये 280 एचपी होती. 2006 च्या एमएक्स-5 मध्ये 170 आणि 166. टोयोटा 86 ला 2017 च्या फेसलिफ्टमध्ये 205 एचपी मिळाली ती फक्त मॅन्युअलला, ऑटोमॅटिक जुन्या 200 वरच राहिली.

कंपन्या असं करायच्या याची कारणं साधी होती. जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला फार वरचे आरपीएम आणि फार टॉर्क (फिरवण्याचा जोर) झेपायचा नाही, आतलं तेल तापायचं, क्लच प्लेट्स लवकर जायच्या, म्हणून इंजिनलाच थोडा लगाम घालायचा. आणि ऑटोमॅटिक घेणारा गिऱ्हाईक रेडलाइनपर्यंत, म्हणजे आरपीएमच्या वरच्या मर्यादेपर्यंत कशाला नेतोय, त्याला खालच्या आरपीएमला ओढ पाहिजे असाही एक हिशोब असायचा.

आता हे गणित कधीकधी उलटं होऊन राहिलं आहे. बीएमडब्ल्यूच्या जी80 पिढीच्या एम3 मध्ये सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो तो 480 पीएस आणि 550 एनएम टॉर्कवाल्या साध्या एम3 लाच, 510 पीएस आणि 650 एनएम पाहिजे असेल तर कॉम्पिटिशन घ्या आणि ती फक्त ऑटोमॅटिकमध्ये. आपल्या रस्त्यावरचं उदाहरण पाहिजे तर महिंद्रा थार पेट्रोल घ्या, पॉवर दोन्हीत 150 पीएस पण टॉर्क मॅन्युअलला 300 एनएम आणि ऑटोमॅटिकला 320. थार काही स्पोर्ट्स कार नव्हे हे मान्य, फुटाळा तलावावर पोट्टे काहीही म्हणोत. पण ज्यांना वाटतं ऑटोमॅटिकचं इंजिन म्हणजे कायम मार खाल्लेलं, त्यांच्यासाठी हा आकडा पुरेसा आहे.

चाकावरची पॉवर हा वेगळा विषय. ती चासी डायनोवर मोजतात: गाडी रोलरवर चढवायची, पट्ट्यांनी करकचून बांधायची, समोर मोठा पंखा लावायचा आणि शक्यतो ज्या गिअरचा रेशो एकास एकच्या जवळ आहे त्यात खालपासून रेडलाइनपर्यंत पाय पूर्ण दाबून एक सलग दौड मारायची. मॅन्युअलमध्ये हे सोपं, चौथा टाकला की चौथाच राहतो. ऑटोमॅटिकमध्ये पाय पूर्ण दाबला की गिअरबॉक्स स्वतःच किकडाउन करून खालचा गिअर धरतो आणि ग्राफची वाट लागते, म्हणून गिअर लॉक करता यायला पाहिजे.

ढोबळमानानं मॅन्युअलमध्ये 12 ते 15 टक्के आणि जुन्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकमध्ये 18 ते 20 टक्के पॉवर वाटेत जाते असं धरतात. म्हणजे इंजिनला 200 एचपी असेल तर चाकावर एकात 170-175 आणि दुसऱ्यात 160-165. ही जाते कुठं तर कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सचा संबंध तेलातून असतो, एका बाजूचा पंखा तेल फेकतो आणि दुसऱ्या बाजूचा त्यानं फिरतो, त्यात थोडी घसर राहतेच आणि ती सगळी उष्णता होते, शिवाय तेलाचा पंप इंजिनच्याच जिवावर चालतो. गंमत अशी की गाडी जागेवरून उठताना हाच कन्व्हर्टर टॉर्क जवळपास दुप्पट करून देतो, पॉवर मात्र वाढवत नाही. पुढे लॉक-अप क्लच आला, एकदा तो बसला की घसर बंद, आणि 2009 पासून आलेल्या झेडएफच्या आठ गिअरच्या बॉक्ससारख्या युनिटमध्ये हा क्लच फार लवकर लागतो, त्यामुळे वरचे टक्के आता जुन्या गाड्यांनाच लावावेत.

ड्युअल क्लच म्हणजे सम-विषम गिअरना वेगवेगळे क्लच असलेला ऑटोमॅटिक, त्यात तर कन्व्हर्टरच नसतो. फोक्सवॅगननं 2003 ला गोल्फ आर32 मध्ये तो रस्त्यावर आणला, पोर्शनं त्याआधीच ऐंशीच्या दशकात रेसिंगमध्ये वापरला होता. 992 पिढीच्या 911 जीटी3 मध्ये मॅन्युअल आणि पीडीके (पोर्शचा ड्युअल क्लच) दोन्हींना 510 पीएस, तरी 0 ते 100 ला मॅन्युअलला 3.9 सेकंद आणि पीडीकेला 3.4, म्हणजे पॉवर तीच आणि अर्धा सेकंद नुसत्या गिअर बदलण्यात आणि लाँचमध्ये गेला. याउलट टोयोटा जीआर86 मध्ये दोन्हींना 228 एचपी आहे पण ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरवाली, तिथं 0 ते 60 मैलांना मॅन्युअल 6.1 आणि ऑटोमॅटिक 6.6. त्यामुळे "ऑटोमॅटिक फास्ट की स्लो" असं कोणी सरसकट विचारलं तर आधी कुठली ऑटोमॅटिक ते विचारा.

नागपूरकरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, ती म्हणजे ऊन. इंजिनचे आकडे 25 अंश तापमानाला धरून दुरुस्त केलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात 45 म्हणजे नवल नाही, तेवढ्या तापमानाला हवा साधारण सहा टक्क्यांनी विरळ होते, टर्बो असेल तर त्याची हवा थंड करणारा इंटरकूलर तापतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच पॉवर कमी करतो. 86 च्या त्या 5 एचपीवरून भांडणारे दुपारी दोन वाजता समृद्धी महामार्गावर निघाले तर त्यापेक्षा जास्त दोघांचीही गेलेली असते, आणि तिथं कारला मर्यादा ताशी 120 ची आहे ते वेगळंच. ऑटोमॅटिकवाल्याला वर गिअरबॉक्सच्या तेलाची काळजी, तापलं की बॉक्स गिअर बदलायला सुस्तावतो किंवा टॉर्क कमी मागतो. म्हणून सेकंडहँड स्पोर्टी ऑटोमॅटिक घेताना पॉवरच्या आकड्याआधी तेल कधी बदललं ते विचारावं, आणि रिमॅप (सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं) केलेली असेल तर फक्त ईसीयू केलाय की गिअरबॉक्सचा कंट्रोलरही, कारण त्यातली टॉर्कची मर्यादा जुनीच ठेवली असेल तर वाढवलेली पॉवर चाकापर्यंत पुरती येत नाही.