परतीचा पत्ता खोटा असतो तेव्हा

इंदूरच्या रामबागेतील आमच्या एका लहान मराठी संस्थेची मेलपेटी एका सकाळी उघडली, तर तिच्यात दोनशेहून अधिक परतीचे निरोप येऊन पडले होते: 'हा पत्ता अस्तित्वात नाही, आपला मेल पोहोचवता आला नाही.' आम्ही एकही मेल धाडला नव्हता. पासवर्ड चोरीस गेला असावा, असाच सर्वांचा समज झाला. प्रत्यक्षात कोणीतरी पाकिटावर परतीचा पत्ता म्हणून आमचा पत्ता घालून भलत्यांनाच मेल पाठवले होते.

मेलची ने-आण ज्या एसएमटीपी नियमांनी चालते, ते अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. त्या नियमांनुसार पाठवणारा सर्व्हर आधी परतीचा पत्ता सांगतो, मग ज्याला मेल द्यायचा त्याचा, आणि त्यानंतरच मजकूर देतो. परतीचा पत्ता खरा आहे का, हे पडताळण्याची सोय त्यांत नव्हती.

पत्ता चुकीचा असेल, तर घेणाऱ्या सर्व्हरने मजकूर घेण्यापूर्वी, दारातच, '५५०' हा आकडा सांगून नकार द्यावा. मग परतीचा निरोप लिहिण्याचे काम पाठवणाऱ्याकडेच राहते आणि तो तोतया असेल तर प्रकरण तिथेच मिटते. पण मेल आधी आत घेऊन मागाहून 'असा कोणी इथे नाही' असे कळवणारे सर्व्हर तो निरोप ज्याचा पत्ता चोरला गेला त्याच्याच दारात टाकतात, आणि माझ्या मते ही ढिलाई मूळ खोडसाळपणाइतकीच त्रासदायक आहे. परतीच्या निरोपावर स्वतःचा परतीचा पत्ता मात्र मुद्दाम कोरा ठेवलेला असतो. नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांना निरोप परत करीतच बसतील.

काही सर्व्हर मेल घेण्यापूर्वी प्रेषकाच्या सर्व्हरला उलट विचारतात, 'हा पत्ता तुमच्याकडे आहे का?', आणि उत्तर मिळताच, मजकूर न देता, संभाषण सोडतात. पण आमचा पत्ता तर खराच होता, वापरणारा तेवढा खोटा. शिवाय अशा चौकशांचा भारही निरपराध सर्व्हरवरच पडतो.

त्यापेक्षा एसपीएफ बरा: आमच्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात, हे डोमेनच्या (मेलपत्त्यातील @ नंतरच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरील नावांच्या खुल्या नोंदवहीत, जाहीर करायचे. डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करते, तर या दोन्ही तपासण्या फसल्यास मेलचे काय करावे, हे डीमार्क सांगते. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही बंधनकारक केले.

आमच्या डोमेनवर एसपीएफची एका ओळीची नोंद त्याच दिवशी झाली. परतीचे निरोप ओसरले, थांबले नाहीत. ही नोंद न तपासणारे सर्व्हर अजूनही पुष्कळ आहेत.