चित्रपुस्तकांवरून पूर्ण लांबीचे अॅनिमेशनपट

लहान मुलांच्या गाजलेल्या चित्रपुस्तकाचा आधार घेऊन तासा-दीड तासाचा अॅनिमेशनपट तयार करण्याची पद्धत. चित्रपुस्तक हा स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. सचित्र गोष्टीच्या पुस्तकातली चित्रे काढून टाकली तरी गोष्ट कळते. चित्रपुस्तकातली काढली तर निम्मी गोष्ट त्यांच्याबरोबर जाते, आणि बरेचदा महत्त्वाची निम्मी जाते. मजकूर एक सांगतो, चित्र त्याच्या शेजारी उभे राहून भलतेच काही दाखवते, आणि दोन्हींमधला फरक मुलाला मोठ्यांच्या आधी दिसतो. कॉमिकप्रमाणे त्यात चौकटींमागून चौकटी असतातच असे नाही. त्याचे मोजमाप जोडपानाचे, म्हणजे पुस्तक उघडल्यावर समोर येणाऱ्या दोन पानांचे असते.

चित्रपुस्तकाची लांबी ठरवण्यात छापखान्याचा मोठा वाटा आहे. मोठा कागद छापून त्याच्या घड्या घातल्या की ८ किंवा १६ पानांचा फर्मा तयार होतो. त्या पटीतला ३२ पानांचा आकडा इतका रूढ झाला आहे की लेखक आणि चित्रकार गोष्टीचा विचारच त्या मापात करतात. नावाचे पान आणि प्रकाशनाची माहिती वगळली तर हातात १२ ते १५ जोडपाने उरतात. मजकूर सहसा हजार शब्दांच्या आतला. मोठ्याने वाचायला दहा मिनिटे पुरतात, आणि मूल ‘परत’ म्हणाले की वीस. याउलट ८० मिनिटांच्या चित्रपटात सेकंदाला २४ प्रमाणे १,१५,२०० चौकटी लागतात. हाताने काढलेल्या अॅनिमेशनमध्ये एक चित्र दोन चौकटींसाठी वापरण्याची सवलत घेतली, तरी हलणाऱ्या एकाच पात्राची चित्रे ५७,६०० होतात.

आकड्यांमधली ही दरी पैसे आणि माणसे लावून भरता येते. खरी अडचण वेगळी आहे. चित्रपुस्तक ‘का?’ या प्रश्नाला बांधलेले नसते. डोंगरावर राहणारा ग्रिंच हा खाष्ट प्राणी नाताळच्या सणाचा इतका राग का करतो? आभाळातून जेवण का पडते? अस्वल आणि उंदीर एका घरात का राहतात? दहा मिनिटांच्या वाचनात हे प्रश्न पडत नाहीत, पडले तरी उत्तर नसल्याचे काही वाटत नाही. दीड तास अंधारात बसलेला प्रेक्षक मात्र कारण मागतो, निदान निर्मात्यांना तसे ठामपणे वाटते. त्यामुळे या रूपांतरांचा इतिहास बऱ्याच अंशी कारणे शोधून काढण्याचा इतिहास आहे.

पुस्तक काय करते

मॉरिस सेंडाक यांचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) या बाबतीत जवळून पाहण्यासारखे आहे. लांडग्याचा पोशाख घालून दंगा करणाऱ्या मॅक्सला आई उपाशीच खोलीत पाठवते. सुरुवातीच्या पानांवर चित्र लहान आहे आणि भोवती पांढरी कोरी जागा भरपूर. खोलीत झाडे उगवू लागतात तसे चित्र फुगत जाते, कोरी जागा गिळते, शेजारच्या पानावर सरकते. मॅक्स जिथे पोचतो तिथल्या भुतावळीचा धिंगाणा सुरू होतो तेव्हा सलग तीन जोडपाने काठापर्यंत चित्राने भरलेली आहेत आणि त्यांवर एकही शब्द नाही. मग चित्र मागे हटू लागते, शब्द परत येतात. शेवटच्या पानावर चित्र मुळीच नाही. वाढून ठेवलेले जेवण अजून गरम होते, एवढेच सांगणारे काही शब्द. मुलाच्या रागाची चढउतार सेंडाक यांनी चेहऱ्यापेक्षा कोऱ्या जागेतून दाखवली आहे.

पडद्यावर हे कसे आणायचे? पडद्याची चौकट पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तीच असते. तिच्या आत चित्र लहानमोठे करता येते, पण प्रेक्षकाला ती तांत्रिक करामत वाटते; पान जसे सहज भरते तसे ते भरत नाही. शिवाय पान उलटण्याचा वेग वाचणाऱ्याच्या हातात असतो. मूल आवडत्या पानावर अडून बसते, कोपऱ्यातल्या कुत्र्यावर बोट ठेवते, भीतीचे पान दोन पाने एकदम उलटून टाळते. एरिक कार्ल यांच्या सुरवंटाच्या पुस्तकात (१९६९) फळांच्या चित्रांना खरीखुरी भोके आहेत आणि मुले त्यांत बोटे घालतात. या भोकाचे चित्रपटात रूपांतर होत नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

सेंडाक यांच्या या पुस्तकावर डिस्नेमध्ये १९८३ मध्ये एक छोटी चाचणी झाली होती. जॉन लॅसेटर आणि ग्लेन कीन यांनी हाताने काढलेली पात्रे संगणकाने तयार केलेल्या खोलीत पळवून पाहिली. चित्रपट त्यातून निघाला नाही, पण पुढच्या काळातल्या संगणकीय अॅनिमेशनची चाहूल तिच्यात होती. पुस्तकावर पूर्ण लांबीचा चित्रपट आला तो २००९ मध्ये, स्पाइक जोन्झ यांच्या दिग्दर्शनाखाली आणि हाडामांसाचे नट घेऊन. त्यामुळे तो या नोंदीच्या कक्षेबाहेर राहतो.

लांबीचा प्रवास

सुरुवातीला चित्रपुस्तकाला लहान लांबीच साजते असे मानले जाई. मन्रो लीफ यांनी लिहिलेले आणि रॉबर्ट लॉसन यांनी चितारलेले ‘द स्टोरी ऑफ फर्डिनांड’ १९३६ मध्ये आले. झुंजण्याऐवजी झाडाखाली बसून फुलांचा वास घेणाऱ्या बैलाची ही गोष्ट डिस्नेने १९३८ मध्ये लघुपटात बसवली आणि तिला ऑस्कर मिळाले. १९४१ चा ‘डंबो’ मुलांच्या एका छोट्या गोष्टीवरून वाढवलेला, तरीही जेमतेम ६४ मिनिटांचा. १९५३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या वेस्टन वुड्स या संस्थेने तर पात्रे हलवण्याचा सोसच टाळला: पुस्तकातल्या मूळ चित्रांवरूनच कॅमेरा हळूहळू फिरवायचा, थांबायचे, जवळ जायचे. वाचणाऱ्याची नजर पानावर फिरते तसा. ही पद्धत आज साधी वाटते, पण चित्रकाराच्या रेषेला तिच्याइतके इमान फार थोड्यांनी राखले आहे.

दूरचित्रवाणीने अर्ध्या तासाचा साचा दिला. डॉ. स्यूस यांच्या ग्रिंचवर चक जोन्स यांनी १९६६ मध्ये केलेला सुमारे २६ मिनिटांचा कार्यक्रम आणि रेमंड ब्रिग्ज यांच्या ‘द स्नोमॅन’वरचा १९८२ चा ब्रिटिश चित्रपट ही त्यातली ठळक उदाहरणे. पूर्ण लांबीची लाट मात्र संगणकीय अॅनिमेशनबरोबर आली. विल्यम स्टाइग यांच्या १९९० च्या ‘श्रेक!’वरून २००१ मध्ये निघालेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे पहिलेवहिले ऑस्कर मिळाले, आणि स्टुडिओंनी मुलांच्या पुस्तकांची कपाटे धुंडाळायला घेतली. स्टाइग यांची राजकन्या पहिल्यापासूनच कुरूप आहे; ती आणि कुरूप राक्षस श्रेक एकमेकांच्या कुरूपतेवरच भाळतात. चित्रपटाने तिला शाप दिला, दिवसा सुंदर केले आणि रहस्य शेवटापर्यंत लांबवले. पटकथेच्या हिशेबाने हे हुशारीचे आहे. पुस्तकातला खट्याळपणा त्यात थोडा निवळला, असे म्हणायला मात्र जागा आहे.

कारणांची भर

ज्यूडी बॅरेट आणि रॉन बॅरेट यांच्या ‘क्लाउडी विथ अ चान्स ऑफ मीटबॉल्स’मध्ये (१९७८) आजोबा नातवंडांना एका गावाची गोष्ट सांगतात. तिथे दिवसातून तीनदा आभाळातून न्याहारी आणि जेवण पडते, म्हणून दुकानेच नाहीत. का पडते, हे आजोबा सांगत नाहीत आणि नातवंडे विचारत नाहीत. पुढे पदार्थ अवाढव्य होऊ लागतात आणि गावकरी शिळ्या पावाचे तराफे करून निघून जातात. २००९ च्या चित्रपटाने पाण्याचे अन्न करणारे यंत्र आणले, यंत्र आले म्हणून संशोधक आला, संशोधक आला म्हणून त्याला न समजणारा बाप आला. पुस्तकात हवामान होते, चित्रपटात बाप-लेकाची गोष्ट झाली. इतकी मोकळीक घेतलेले हे रूपांतर तरीही चांगले वठले, कारण मूळच्या गमतीची जात त्याने ओळखली होती: अशक्य गोष्ट अगदी सरळ चेहऱ्याने सांगायची.

ग्रिंचच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. १९५७ च्या पुस्तकात त्याच्या रागाची दोन-तीन कारणे थट्टेने सुचवली आहेत: बूट घट्ट असतील, डोके नीट बसले नसेल, हृदय दोन मापांनी लहान असेल. २०१८ च्या अॅनिमेशनपटाने त्याला अनाथ बालपण दिले. खाष्ट माणूस दुःखी निघाला की प्रेक्षकाचे मन द्रवते हे खरे, पण लहान मुलाला निव्वळ खाष्ट माणसाची जी मजा वाटते ती त्यात विरते.

सर्वांत बोलके उदाहरण स्यूस यांच्याच, झाडांची बाजू मांडणाऱ्या ‘द लोरॅक्स’चे आहे. १९७१ च्या पुस्तकात जंगल तोडणाऱ्या वन्स-लरचा चेहरा एकाही पानावर नाही. दिसतात ते मुख्यतः लांब हिरवे हात: कुऱ्हाडीवर, पैशांवर, खिडकीच्या फटीतून डोकावणारे. तो कोणीही असू शकतो, हे त्या हातांत आहे. २०१२ च्या चित्रपटात तो टोपी घातलेला, गिटार वाजवणारा तरुण झाला. नव्वद मिनिटे नुसत्या हातांशी नाते जोडणे अवघड, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण पुस्तकातली सगळ्यांत धारदार गोष्ट त्यासाठी द्यावी लागली. चित्रपटाचा एका मोटारीच्या जाहिरातीशी संबंध जोडला गेला तेव्हा टीका झाली, ती याच बोथटपणाला अनुसरून होती.

स्यूस यांच्या पुस्तकांत आणखी एक पेच आहे तो पद्याचा. लयीत बांधलेल्या ओळी पात्रांच्या तोंडी दीड तास चालत नाहीत, आणि काढल्या तर पुस्तक उरत नाही. धूलिकणावरचे चिमुकले गाव जपणाऱ्या हत्तीवरच्या २००८ च्या ‘हॉर्टन’पटाने निवेदकाकडे पद्य ठेवले आणि पात्रांना गद्य दिले. याच चित्रपटात, पुस्तकात शेवटी अचानक भेटणारा छोटा जोजो त्या गावाच्या महापौरांचा मुलगा झाला आणि त्याला ९६ बहिणी मिळाल्या.

रेषा आणि रंग

चित्रकाराचा हात टिकवणे हे कथा टिकवण्याइतकेच कठीण. ख्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांच्या ‘द पोलर एक्स्प्रेस’मधली (१९८५) मऊ, धुकट चित्रे पडद्यावर उतरवण्यासाठी रॉबर्ट झेमेकिस यांनी २००४ मध्ये नटांच्या हालचाली टिपून त्यांवर संगणकीय देह चढवले. रेल्वेगाडी, बर्फ, रात्रीचा उजेड सुरेख उतरले. चेहरे मात्र अनेकांना निर्जीव, काहीसे भीतिदायक वाटले. कागदावर पुसट ठेवलेला चेहरा वाचक स्वतः पुरा करतो. तोच तपशिलाने पुरा करून दिला की उणीव नजरेत भरते.

याच्या अगदी उलट वाट २०१२ च्या फ्रेंच ‘एर्नेस्ट ए सेलेस्तीन’ने घेतली. बेल्जियन चित्रकर्ती गॅब्रिएल व्हँसाँ यांच्या १९८१ पासूनच्या पुस्तकमालेत अस्वल आणि छोटी उंदरीण एकत्र राहतात, सहलीला जातात, रुसतात. त्यांची भेट कशी झाली यापेक्षा त्यांचे रोजचे दिवस महत्त्वाचे. कादंबरीकार दानियल पेनाक यांच्या पटकथेने ती भेट रचली: वर अस्वलांचे गाव, खाली उंदरांचे, आणि दोन्हीकडे एकमेकांची भीती. कारणाची भर इथेही आहेच. पण चित्रे जलरंगी, हलकी आणि मुद्दाम अपुरी ठेवली आहेत. पार्श्वभूमी कडेला पोचता पोचता विरून जाते आणि कोरा कागद दिसू लागतो. पुस्तकाची कोरी जागा चित्रपटात टिकवल्याचे याहून चांगले उदाहरण सहज सापडत नाही.

हक्क

पुस्तक विकत घेणारे आई-वडील आणि तिकीट काढणारे आई-वडील तेच असल्याने या पुस्तकांच्या हक्कांना मोठी किंमत असते. लेखकाच्या पश्चात हे हक्क बहुधा वारसांकडे जातात आणि त्यांचा शब्द वजनदार ठरतो. स्यूस यांच्या ‘द कॅट इन द हॅट’वर २००३ मध्ये नट घेऊन केलेला चित्रपट त्यांच्या पत्नी ऑड्री गायझेल यांना इतका नापसंत पडला की त्यांनी पुढे तशा चित्रपटांना परवानगी नाकारली. ‘हॉर्टन’, ‘लोरॅक्स’ आणि नवा ग्रिंच अॅनिमेशनमध्ये आले त्यामागे हा नकार आहे.

अर्ध्या तासाची वाट

ज्यूलिया डोनाल्डसन आणि आक्सेल शेफलर यांच्या ‘द ग्रफलो’वर (१९९९) २००९ मध्ये २७ मिनिटांचाच चित्रपट झाला. भर पडली ती एवढीच, की एक खार आपल्या पिलांना ही गोष्ट सांगते. अनेक पुस्तकांचा खरा पल्ला एवढाच असतो. फर्डिनांडच्या बैलाचे २०१७ मध्ये पूर्ण लांबीच्या चित्रपटात काय झाले ते १९३८ च्या लघुपटाशेजारी ठेवून पाहावे: भोवती इतर बैल, बोकडीण, काटेरी हेजहॉग, पाठलाग; शांत बसायला आवडणाऱ्या बैलाला बसायला वेळच उरला नाही.

‘द स्नोमॅन’ही छोटाच, सुमारे २६ मिनिटांचा. मुलाने केलेला बर्फाचा माणूस रात्री जिवंत होऊन त्याच्याबरोबर भटकतो, ही गोष्ट सांगणारे ब्रिग्ज यांचे शब्दहीन पुस्तक (१९७८) रंगीत पेन्सिलींनी काढलेले, आणि चित्रपटानेही तो खडबडीत पोत जपला. पुस्तकात नसलेला नाताळबाबा मात्र चित्रपटात आला आणि त्याने मुलाला मफलर दिला. ब्रिग्ज यांच्या शेवटच्या चित्रात सकाळ झाली आहे, मुलगा पाठमोरा उभा आहे आणि समोर वितळलेल्या बर्फाचा छोटा ढीग. रात्रीचे खरे की स्वप्न, याला पुस्तकात उत्तर नाही. चित्रपटातला मुलगा खिशात हात घालतो, आणि मफलर तिथे असतो.